विचारपुशीचें निमित्त

अन्नवस्त्राच्या खालोखाल मनुष्याला कशाची गरज असेल तर ती बातमीची, असें आम्हांला पुष्कळ दिवसांपासून वाटत आलें आहे. राज्यें उलथल्याची आणि बाजार कोसळल्याची बातमी ही त्यांतली एक जात झाली. पण ती चार दिवस उशिरां मिळाली तरी सामान्य माणसाचें फारसें अडत नाहीं. त्याचें अडतें तें लहान बातमीवांचून. शेजारच्या खोलींत रात्रीं उशिरापर्यंत दिवा कां जळत होता, समोरचे आजोबा दोन दिवस कट्ट्यावर कां दिसले नाहींत, अमक्यांच्या मुलीचा निकाल काय लागला, हें कळल्यावांचूनहि ज्याला चैन पडतें त्याला आम्ही स्थितप्रज्ञ म्हणूं. परंतु त्याच्या शेजारीं बिऱ्हाड करण्याची आमची तयारी नाहीं.

खेड्यांत ही लहान बातमी पोंचविण्याचें काम पार आणि पाणवठा करीत असत. शहरांत चाळीचा जिना आणि सार्वजनिक नळ यांनीं तें बरींच वर्षें केलें. ज्या ख्रिस्ती मंडळींत आमचें लहानपण गेलें आणि ज्या मंडळींत आम्ही अजून आहों, तिच्यांत हें काम रविवारच्या उपासनेंतला एक लहानसा भाग करतो. त्याला आम्ही 'सूचना' म्हणतों. या सूचनांविषयीं, आणि त्यांच्या अनुषंगानें आमच्या मंडळींत अलीकडे झालेल्या एका वादाविषयीं, चार शब्द लिहावे असा आमचा विचार आहे. वाद तसा लहानच होता. त्यांत धर्मशास्त्राचा प्रश्न नव्हता, मानपानाचाहि नव्हता. प्रश्न होता कागदी पाकिटांचा.

आमची मंडळी मेथडिस्ट पंथाची आणि मराठी बोलणारी. 'मंडळी' हा शब्द आम्ही इमारतीला लावीत नाहीं, तेथें जमणाऱ्या माणसांना लावतों, हें आरंभींच सांगितलेलें बरें. माणसें सारीं मध्यम आणि त्याहून खालच्या स्थितींतलीं: शिक्षक, नर्स, रेल्वेंतले व बँकेंतले नोकर, कांहीं कारखान्यांतले कामगार, आणि पेन्शनीवर दिवस काढणारीं वडीलधारीं. मंदिराच्या दारांत भेटलीं कीं तीं एकमेकांना 'सलाम' करतात आणि मग पावसापासून पोटदुखीपर्यंत सर्व विषयांवर बोलतात. एखाद्या परक्यानें रविवारीं आमच्यांत येऊन बसावें तर गीतें, शास्त्रवाचन, प्रार्थना व उपदेश हा क्रम त्याला इतर प्रॉटेस्टंट मंडळ्यांसारखाच वाटेल. पण दान गोळा करण्यापूर्वीं मंडळीचा चिटणीस हातांत वही घेऊन पुढें येतो, तेव्हां त्या परक्यानें आजूबाजूला अवश्य पाहावें. उपदेशाच्या वेळीं ज्या माना किंचित् कलल्या होत्या त्या सरळ होतात, आया मुलांना गप्प करतात, आणि ज्यांना कमी ऐकूं येतें तीं माणसें कानामागें हात धरतात.

सूचनांची भाषा वर्षानुवर्षें ठरून गेलेली आहे. अमक्या कुटुंबास देवानें कन्यारत्न दिलें; अमके बंधु इस्पितळांत आहेत, त्यांची प्रार्थनेंत आठवण करावी; अमक्या भगिनीचा मुलगा परीक्षेंत उत्तीर्ण झाला, त्याबद्दल तिनें उपकारस्तुतीचें दान दिलें आहे. स्त्रियांची सभा बुधवारीं कोणाच्या घरीं भरेल, कबरस्तानांतलें गवत काढण्यास शनिवारीं किती तरुण लागतील, छपराचें काम पावसाळ्यापूर्वीं झालें नाहीं तर काय होईल, हेंहि त्यांत येतें. लग्न ठरलें असेल तर १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्याप्रमाणें त्याची नोटीस मंदिरांत ठळक जागीं लागते, आणि ती वाचण्यासाठीं चष्मे पुसण्याची जी धांदल उडते ती पाहण्यासारखी असते. सुगीच्या सणाला लोक धान्य, भाजी, फळें, कोंबड्या आणून अर्पण करतात व उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एके वर्षीं एकच भोपळा तीन वेळां विकला गेला, कारण घेणारा प्रत्येक जण तो पुन्हां अर्पण करीत होता. पुढल्या रविवारीं वाचलेल्या हिशेबांत त्या भोपळ्याला तीन ओळी मिळाल्या, आणि चौथ्या ओळींत तो अखेर पाळकसाहेबांच्या घरीं गेल्याचें नमूद झालें. मेथडिस्ट पाळक एका जागीं जन्मभर राहत नाहीं. बिशप त्याची नेमणूक करतात आणि कांहीं वर्षांनीं त्याची बदली होते. म्हणून जुन्या पाळकाच्या निरोपाची व नव्याच्या स्वागताची सूचनाहि आम्हांला वरचेवर ऐकावी लागते, आणि दोन्ही प्रसंगीं डोळे पुसणारीं माणसें बहुधा तींच असतात.

एकमेकांची खबर घेण्याची ही ओढ कोणत्याहि मनुष्यसमूहांत असतेच. पण आमच्या पंथांत तिला एक जुना इतिहास आहे, आणि तो ऐकण्यासारखा आहे. इंग्लंडांत १७३० च्या सुमारास ऑक्सफर्ड येथें कांहीं तरुण विद्वान् प्रार्थना, अभ्यास, कैद्यांची भेट व गरिबांची सेवा हीं कामें इतक्या नेमानें करीत कीं इतरांनीं थट्टेनें त्यांना 'मेथडिस्ट' म्हणजे पद्धतवाले असें नांव ठेविलें. त्यांचा पुढारी जॉन वेस्ली. त्याचा जन्म १७०३ चा व मृत्यु १७९१ चा. १७३९ पासून त्यानें मंदिराच्या भिंती सोडून उघड्या मैदानांत, खाणींतल्या मजुरांपुढें उपदेश करावयास आरंभ केला, आणि पुढलीं पन्नास वर्षें तो घोड्यावरून व गाडींतून देशभर हिंडत राहिला. ऐकणाऱ्यांचे जागोजाग संघ झाले. आतां उपदेशक पुढल्या गांवीं गेल्यावर मागें राहिलेल्या शेंकडों माणसांची विचारपूस कोणीं करावी, हा प्रश्न उभा राहिला. याचें उत्तर कोणा पंडिताच्या डोक्यांतून निघालें नाहीं. तें एका कर्जांतून निघालें.

ब्रिस्टल शहरांत या संघानें 'न्यू रूम' नांवाची एक इमारत बांधिली होती आणि तिच्यावर कर्ज झालें होतें. १७४२ च्या फेब्रुवारींत तें कसें फेडावें याचा विचार करण्यास प्रमुख मंडळी जमली. प्रत्येकानें आठवड्यास एक पेनी द्यावी अशी सूचना आली. लगेच कोणी तरी म्हणालें कीं संघांत पुष्कळ लोक फार गरीब आहेत, त्यांना तेवढेंहि झेपणार नाहीं. तेव्हां कॅप्टन फॉय नांवाच्या गृहस्थानें तोड काढली. सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे लावून द्या. मी दर आठवड्यास त्यांच्या घरीं जाईन. त्यांनीं दिलें तर घेईन, न दिलें तर त्यांची भर मी घालीन. तुम्हीहि प्रत्येकानें असेंच करा. अशा आशयाचें त्याचें बोलणें होतें, आणि तें सर्वांना पटलें. बारा-बारांचे गट झाले आणि प्रत्येक गटाला एक पुढारी मिळाला. पेनी गोळा करावयास हे पुढारी घरोघर जाऊं लागले. घरोघर जातांना कोणाच्या घरीं काय चाललें आहे हें त्यांना दिसूं लागलें. आणि जें दिसलें तें त्यांनीं वेस्लीच्या कानावर घातलें. वेस्ली चतुर होता. आपण इतके दिवस जें शोधीत होतों तें हेंच, हें त्यानें तत्काळ ओळखिलें. कर्ज फेडण्यासाठीं काढलेली युक्ति पंथाचा कणा होऊन बसली. या गटांना 'क्लास' म्हणत, आणि मेथडिस्ट होणें याचा अर्थ पुढें बराच काळ अशा एखाद्या क्लासांत असणें हाच होता.

याच कथेला एक पुरवणी आहे, आणि ती आमच्या वादांत विरुद्ध पक्षानें उपयोगांत आणली म्हणून ती प्रामाणिकपणें सांगणें आम्हांला भाग आहे. घरोघर जाण्याची रीत फार दिवस टिकली नाहीं. तींत वेळ फार जाई; कित्येक जण धन्याच्या वा नातलगांच्या घरीं राहत, आणि तेथें पुढाऱ्याचें येणें घरच्यांना रुचत नसे; चारचौघांत मोकळेपणीं बोलतांहि येत नसे. म्हणून स्वतः वेस्लीनेंच ठरविलें कीं पुढाऱ्यानें घरोघर फिरण्याऐवजीं क्लासांतल्या सर्वांनीं आठवड्यांतून एकदां एकत्र जमावें. सोय ही आजचीच देवता नव्हे. अठराव्या शतकांतहि तिची पूजा होत असे.

आमच्या इकडे हा पंथ प्रथम आला तो उत्तरेस, १८५६ सालीं, बरेलीच्या बाजूला. मुंबईस विल्यम टेलर या अमेरिकन उपदेशकानें १८७१–७२ च्या सुमारास मंडळी उभारली, आणि तिचा पायाहि लोकांच्या घरीं जमणाऱ्या लहान लहान गटांवरच घातला. आरंभींचीं माणसें बहुतेक इंग्रजी बोलणारीं होतीं. मराठी, गुजराती व इतर भाषांतल्या मंडळ्या मागाहून वाढल्या. टेलरला मुंबईंत ज्यांची साथ मिळाली त्यांत जॉर्ज बोवेन हे एक होते. ते १८४८ सालीं मुंबईस आले आणि १८८८ सालीं येथेंच वारले. चाळीस वर्षांत ते मायदेशीं परत गेले नाहींत आणि गरिबांत गरिबाप्रमाणें राहिले. पुढें १९७० सालीं उत्तर भारतांतील अनेक प्रॉटेस्टंट पंथ एक झाले तेव्हां आमचा पंथ त्यांत सामील झाला नाहीं. १९८१ पासून तो 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' या नांवानें स्वतंत्र आहे. पुस्तकांत हा इतिहास मोठ्या अक्षरांनीं छापलेला असतो. कोणाच्या दारीं कोण गेलें हा बारीक अक्षरांतला इतिहास मात्र वहींतल्या सूचनांतच राहतो.

येथें कोणी वाचक म्हणेल कीं दुसऱ्याच्या घरांत डोकावण्याची ही संवय इतकी का वाखाणावी? शंका रास्त आहे. आमच्या मंदिराच्या आवारांत एक चिंचेचें झाड आहे. आंत ज्या बातम्या वहींतून वाचल्या जातात त्यांची दुसरी आवृत्ति उपासनेनंतर या चिंचेखालीं निघते, आणि ती सुधारून वाढविलेली असते. 'अमके बंधु इस्पितळांत आहेत' एवढेंच आंत सांगितलेलें असतें; ते तेथें कशामुळें गेले, मुलगा भेटावयास कां आला नाहीं, आणि सून काय म्हणाली, हें सारें चिंचेखालीं कळतें. वेस्लीला हें झाड ठाऊक नव्हतें, पण असलीं झाडें ठाऊक होतीं. १७४३ सालीं त्यानें संघांसाठीं जे नियम घालून दिले त्यांत निष्ठुर व निष्फळ बोलण्याचा स्पष्ट निषेध आहे. १७५२ च्या जानेवारींत तर त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं एका लेखी करारावर सह्या केल्या. एकमेकांविषयीं वाईट ऐकावयाचें नाहीं व विचारावयाचें नाहीं; कानावर आलेंच तर विश्वास ठेवण्याची घाई करावयाची नाहीं; ज्याच्याविषयीं आलें त्याला तें होईल तितक्या लवकर प्रत्यक्ष अगर पत्रानें कळवावयाचें; आणि तें करीपर्यंत व केल्यानंतरहि तिसऱ्याजवळ अक्षर काढावयाचें नाहीं, असा त्याचा मथितार्थ आहे. उपदेशकांना स्वतःसाठीं असा करार करावा लागला, यावरून मोह केवढा असेल याची कल्पना येते.

विचारपूस आणि चहाडी यांत बातमीचा फरक नाहीं. दोहोंत बातमी तीच असते. फरक आहे तो ती कोणत्या दिशेनें जाते यांत. चहाडी माणसापासून दूर दूर जाते. विचारपूस त्याच्या दाराशीं येऊन थांबते. ही कसोटी लावून पाहिली म्हणजे आमच्या मंडळींतला वाद वाचकांच्या नीट ध्यानांत येईल.

आमच्याकडे प्रत्येक कुटुंबाला मासिक दानाचें एक पाकीट देण्याची चाल आहे. पाकिटावर कुटुंबाचा क्रमांक असतो. बरेच लोक तें रविवारीं तबकांत टाकतात. ज्यांना येतां येत नाहीं, किंवा जे येण्याचें टाळतात, त्यांच्या घरून तें आणावें लागतें. हें आणण्याचें काम एक निवृत्त शिक्षिका कैक वर्षें करीत आल्या आहेत. त्यांना सारी मंडळी 'बाई' म्हणते. वय पंचाहत्तरीच्या पुढें, गुडघे दुखतात, हातांत कापडी पिशवी, तींत पाकिटांची चळत, आणि बरोबर छत्री, मग दिवस उन्हाळ्याचे असोत वा पावसाचे. बाईंजवळ साधा फोन आहे. ज्या फोनवर चित्रें व निरोप येतात तसला नाहीं.

मंडळीचा मात्र हल्लीं तसल्या फोनवर एक गट आहे. सूचनांसाठीं रविवारची वाट पाहावी लागत नाहीं. बाळ जन्मलें कीं तासाभरांत त्याचा फोटो घरोघर पोंचतो, आणि परदेशीं गेलेलीं आमचीं मुलेंहि येथील लग्नें तेथून पाहतात. हा लाभ लहान नाहीं, आणि त्याला नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल. गेल्या पावसाळ्यांत या गटावर एक निरोप आला. रेल्वेच्या नोकरींतून निवृत्त झालेले, पत्नी वारल्यापासून एकटेच राहणारे आमच्यांतले एक गृहस्थ आजारी असल्याचें कळतें, सर्वांनीं प्रार्थना करावी, असा तो निरोप होता. संध्याकाळपर्यंत त्याखालीं जोडलेल्या हातांचीं साठांवर चित्रें जमलीं. आम्ही त्या दिवसांत परगांवीं होतों. पुढचें आम्हांला परतल्यावर कळलें. चौथ्या दिवशीं बाई नेहमींप्रमाणें पाकीट आणावयास त्यांच्या घरीं गेल्या. दार उघडावयास गृहस्थांना बराच वेळ लागला. अंगांत ताप होता, सिलिंडर संपलेला होता, आणि दोन दिवस चहाबिस्किटांवर निघाले होते. तेहि खालच्या दुकानांतल्या पोरानें आणून दिलें म्हणून. बाईंनीं शेजाऱ्यांना हांक मारून डॉक्टर आणविला. मागाहून त्यांनीं विचारलें, "अहो, कोणाला कळवायचें नाहीं का?" गृहस्थ म्हणाले, "बाई, कळलें तर सगळ्यांनाच होतें."

हें वाक्य मंडळींत फार दिवस फिरलें. चिंचेखालीं सुद्धां तें हलक्या आवाजांत उच्चारलें जाई. तरी कोणाला दोष देणें कठीण होतें. साठ माणसांनीं चित्रें पाठविलीं तीं मनापासून पाठविलीं. आणि प्रत्येकाला वाटलें कीं उरलेल्या एकुणसाठांपैकीं कोणी तरी गेलेंच असेल.

यानंतर दोनच महिन्यांनीं कमिटीपुढें पाकिटांचा प्रश्न आला. आमचा चिटणीस तरुण आहे, बँकेंत आहे, आणि मंडळीच्या कामांत झिजणारा आहे. त्याचें म्हणणें असें कीं दान आतां फोनवरून थेट मंडळीच्या खात्यांत जमा करतां येतें. पावती तत्क्षणीं मिळते. हिशेबांत चूक राहत नाहीं. अर्धीं कुटुंबें शहराच्या दूरच्या वस्त्यांत राहावयास गेलीं आहेत. आणि बाईंच्या गुडघ्यांना किती दिवस राबवावयाचें? वेस्लीनें स्वतः घरोघर फिरण्याची रीत सोडली होती, याचीहि त्यानें आठवण दिली. त्याचा एकहि मुद्दा खोटा नव्हता. बाई मागच्या बांकावर ऐकत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या,

"बाळ, पैसे येतील हें मला समजलें. पण मग मी त्यांच्या दारीं कशाला जाऊं?"

"विचारपूस करायला जा कीं, बाई. तुम्हांला कोण अडवतो?"

"नुसतीच विचारपूस करायला गेलें तर माणूस सावध होतो, रे. त्याला वाटतें, आपलें कांहीं तरी बाहेर फुटलें म्हणून ही आली. पाकीट मागायला गेलें कीं तोच मला बसा म्हणतो. पाणी देतो. आणि पाणी देतां देतां सगळें सांगतो."

सभेंत कोणी बोललें नाहीं. मग एक वडील गृहस्थ म्हणाले कीं ज्यांच्याकडून पाकिटें आणावीं लागतात त्यांच्यांत न देणारेच अधिक असतील. त्यांच्यासाठीं एवढी यातायात कशाला? मंडळीचे हिशेब तपासण्याचें काम बरींच वर्षें आमच्याकडे असल्यामुळें सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं एवढेंच सांगितलें कीं बाईंनीं आणलेलें पाकीट आजवर कधीं रिकामें निघालेलें नाहीं.

हें अक्षरशः खरें होतें. त्यापलीकडे आम्हांला जें ठाऊक होतें तें सभेंत सांगण्याचें कारण नव्हतें. बाई आपल्या स्वतःच्या पाकिटांत नोट घालतात ती उभी दुमडून, बोटाएवढी अरुंद पट्टी करून. शाळेंत मुलांच्या फीच्या नोटा डब्यांत ठेवण्याची त्यांची तीच तऱ्हा असावी. दर महिन्यास तीनचार इतर क्रमांकांच्या पाकिटांत तशीच पट्टी निघते. क्रमांक नेहमीं तेच नसतात. ज्या घरचा मिळवता माणूस बसला असेल, किंवा ज्या घरीं दुखणें असेल, त्यांचे असतात. त्यामुळें मंडळीच्या वहींत आजवर कोणाच्याहि नांवापुढें थकबाकी लागली नाहीं, आणि कोणाला तोंड चुकविण्याची पाळी आली नाहीं. कॅप्टन फॉयची हकीकत बाईंना ठाऊक आहे कीं नाहीं, हें आम्हीं त्यांना कधीं विचारलें नाहीं.

बाईंच्या बोलण्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. दुसऱ्याच्या घरीं त्याचें दुःख विचारावयास उघड्या हातांनीं जाणें हें खरोखरच कठीण असतें. ज्याला विचारावयाचें त्याचा मानीपणा आड येतो, आणि विचारणाऱ्याचा संकोच. दोघांनाहि लपावयास एखादा लहानसा आडोसा लागतो. त्यालाच आपण निमित्त म्हणतों. आपल्या समाजांत अशीं निमित्तें शहाण्या माणसांनीं पिढ्यान्पिढ्या जपून ठेविलीं होतीं. संक्रांतीचा तिळगूळ, चैत्रांतलें हळदीकुंकू, दिवाळींत शेजारीं पोंचविलेलें फराळाचें ताट, नाताळांत आमच्या घरून जाणाऱ्या करंज्या, हीं सारीं निमित्तेंच होत. वाटीभर साखर किंवा चमचाभर विरजण मागावयास गेलेल्या बाईला शेजारणीच्या सुजलेल्या डोळ्यांवरून सारें कळत असे, आणि विरजण मिळेपर्यंत बोलणेंहि होऊन जाई. पंढरीच्या वाटेवर दिंडींतला वारकरी जेवणखाणाच्या खर्चासाठीं भिशी भरतो. पैशाचा तो व्यवहारच, पण त्यामुळें दिंडींत त्याचें नांव राहतें, आणि नांव असलेला माणूस मुक्कामाला पोंचला नाहीं तर कोणी तरी मागें वळून पाहतें. ब्रिस्टलची पेनी, वारीची भिशी आणि आमचें पाकीट यांचें गोत्र एकच आहे. वरून पाहणाऱ्याला वाटतें कीं माणसें पैसा गोळा करीत आहेत. पुष्कळ वेळां पैसा माणसें गोळा करीत असतो.

आतां विरजण दुकानांतून येतें, पैसा तारेवांचून जातो आणि फराळाचीं पुडकीं परस्पर घरपोंच होतात. यांत वाईट कांहींच नाहीं. ओझें कमी झालें, वेळ वांचला. मात्र त्या ओझ्याबरोबर निमित्तहि गेलें, आणि निमित्त गेल्यावर विचारपूस उघडी पडली. वेस्लीनें घरोघर जाणें सोडलें हें खरें. पण त्याच्या बदल्यांत त्यानें माणसांना आठवड्यांतून एकदां समोरासमोर बसविलें. एक निमित्त मोडलें तर त्यानें दुसरें उभें केलें. सोयीचा हिशेब करणाऱ्यानें ही दुसरी बाजू मांडावयास विसरूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

कमिटींतहि अखेर असेंच ठरलें. ज्यांना फोनवरून दान द्यावयाचें त्यांनीं तसें द्यावें. पण वेस्लीनें १७७८ सालीं मासिक काढलें व त्यांत साध्यासुध्या माणसांचीं चरित्रें छापलीं, तो धडा घेऊन मंडळीच्या वार्तांचें एक पानी पत्रक दर महिन्यास छापावें, आणि तें हातोंहातच पोंचवावें. सर्व घरीं पोंचल्यावांचून तें फोनवर घालूं नये. बारा-बारा घरांचे गट करण्यांत आले. ही कल्पना चिटणिसाचीच, आणि सर्वांत दूरचीं बारा घरें त्यानें आपल्याकडे घेतलीं. कोणाकडे गेलों याची नोंद ठेवण्यासाठीं त्यानें वहींत एक रकानाहि आंखला होता. त्याला बाईंनीं हरकत घेतली. "हजेरी मांडूं नका," त्या म्हणाल्या, "नाहीं तर लोक हजेरीपुरतेच जातील." रकाना तसाच कोरा आहे.

ही व्यवस्था फार यशस्वी झाली असें सांगून आम्ही वाचकांची दिशाभूल करणार नाहीं. दोन कुटुंबांनीं स्पष्ट कळविलें कीं पत्रक दाराच्या फटींतून सरकवावें, बेल वाजवूं नये. कांहीं तरुणांनीं पहिल्या महिन्यांत सारीं पत्रकें एकाच जिन्याखालच्या पेटींत टाकून काम उरकलें. एका घरीं पत्रक नेणाऱ्याला दीड तास बसवून घेऊन आजींनीं आपल्या तिन्ही सुनांचा वृत्तान्त सांगितला, आणि तो ऐकणारा पोरगा पुढल्या महिन्यांत दुसरा गट मागूं लागला. परंतु ज्या घरांना आजपर्यंत फक्त बाई ठाऊक होत्या त्यांतल्या बऱ्याच घरांना आतां आणखी एकेक माणूस ठाऊक झालें आहे. बाईंच्या वांट्याला आतां त्यांच्याच गल्लींतलीं बारा घरें आहेत. त्यांतल्या कांहींनीं दान फोनवरून देण्याचें मान्य केलें असतांहि, पाकीट न्यावयास बाईंनींच यावें असा हट्ट धरला आहे.

रेल्वेंतल्या त्या गृहस्थांची प्रकृति आतां बरी आहे. पत्रकांचे गठ्ठे वांटण्याच्या दिवशीं ते काठी टेकीत आले आणि आपल्या इमारतींतलीं चार व पलीकडच्या इमारतींतलीं तीन अशीं सात घरें त्यांनीं मागून घेतलीं. बारा कां नाहींत, असें चिटणिसानें विचारलें. जिने चढावयाचे आहेत, आणि प्रत्येक घरीं थोडें बसावयाचें आहे, असें त्यांनीं उत्तर दिलें.